सभेत गोमाता, कोर्टात शेणखत

वसुबारसेला इंदूरच्या मराठी घरांत दरवर्षी एकच अडचण येते. गहू-मूग वर्ज्य, दूध-तूप वर्ज्य, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी, हे सगळं जमतं. जमत नाही ती सवत्स गाय. स्वच्छतेत पहिला नंबर काढायचा म्हणून २०१६-१७ च्या सुमारास नगर निगमनं गल्लीबोळांतले गुरांचे बाडे उठवले आणि मोकाट जनावरं गोशाळांत पाठवली. आता पूजेसाठी गोशाळा गाठा, नाहीतर देव्हाऱ्यातली चांदीची गाय पुढे घ्या. आणि पावसाळ्यात रात्री बायपास ओलांडून देवासकडे निघालात, तर डांबरी रस्त्याच्या मधोमध पंधरा-वीस गाई रवंथ करत बसलेल्या. (चिखलापेक्षा डांबर कोरडं असतं, आणि जाणाऱ्या गाड्यांच्या वाऱ्यानं माश्या कमी बसतात. त्यामागं दुसरं काही गूढ नाही.)

पूजेला एक मिळत नाही आणि हमरस्त्यावर कळप बसलेत. असं का, हे कळायला गोरक्षेचा कायदा समजून घ्यावा लागतो. आणि तो कायदा समजत नाही, कारण तो पहिल्यापासून दोन भाषांत बोलतो. सभेत गाय माता असते, राष्ट्राचं प्रतीक असते. कोर्टात तीच गाय दुभतं जनावर होते, तिचा बैल नांगराचं यंत्र होतो, आणि दोघांची किंमत शेणाच्या टनात मोजली जाते. ही फारकत संविधान लिहिलं जात असतानाच पडली.

२४ नोव्हेंबर १९४८

त्या दिवशी संविधान सभेत पंडित ठाकूरदास भार्गव यांनी दुरुस्ती मांडली. गोवधबंदी मूलभूत हक्कांत घालावी असं अनेकांचं म्हणणं होतं. जबलपूरचे सेठ गोविंददास तर उघडपणे धर्म आणि संस्कृतीच्या नावानं बोलले. तडजोड होऊन ती मार्गदर्शक तत्त्वांत गेली, तेच आजचं कलम ४८. त्याची भाषा पाहा: राज्यानं शेती आणि पशुपालन आधुनिक, शास्त्रीय पद्धतीनं उभं करावं, जाती सुधाराव्यात, आणि गाई, वासरं, इतर दुभती व ओढकामाची जनावरं यांच्या कत्तलीला बंदी घालावी. 'धर्म' हा शब्द कुठेही नाही. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर (आपल्या शेजारच्या महूत जन्मलेले) यांनी ही दुरुस्ती स्वीकारली.

सभागृहात ही चलाखी दोन मुसलमान सदस्यांनी नेमकी पकडली. झेड. एच. लारी यांचं म्हणणं असं: बहुसंख्याकांनी सरळ सांगावं की हा आमच्या धर्माचा भाग आहे, म्हणजे आम्हालाही कुठं उभं राहायचं ते कळेल. आसामचे सय्यद सादुल्ला म्हणाले की धर्माचं कारण दिलं तर मी त्याचा मान राखीन, पण आर्थिक कारण पुढे केलं की मागच्या दारानं काही आणलं जातंय असा संशय येतो. आज पंचाहत्तरहून जास्त वर्षांनी वाचलं तरी त्या चर्चेतला हा भाग सगळ्यांत प्रामाणिक वाटतो.

मार्गदर्शक तत्त्व म्हणजे कोर्टात जाऊन वसूल करता येईल असा हक्क नव्हे. शिवाय पशुधनाचं रक्षण हा विषय राज्यसूचीत, पंधराव्या नोंदीत आहे. म्हणून देशभर एकच कायदा नाही. १९५५ मध्ये सेठ गोविंददासांनी लोकसभेत केंद्रीय कायद्याचं विधेयक आणलं, तेव्हा नेहरूंनी ते मान्य करण्यापेक्षा पंतप्रधानपद सोडीन असं सांगितलं आणि ते पडलं. पण त्याच काळात उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये बंदीचे कायदे केले ते काँग्रेसच्याच सरकारांनी. 'हा अमक्याच पक्षाचा विषय' असं मानून चालणारा इथे पहिल्याच पायरीवर घसरतो.

बैलाचं वय कसं ओळखतात

गाईचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानं १९५८ मध्येच मिटवला. कुरेशी खाटकांच्या याचिकांवर निकाल दिला: गाय आणि वासरं यांच्या कत्तलीवर पूर्ण बंदी चालेल. पण बैल, वळू, म्हैस हे कामाचे असेपर्यंतच वाचवता येतील. म्हातारं, निरुपयोगी जनावर चारा खातं आणि चाऱ्याची टंचाई आहे. शेतीच्या नावानं केलेला कायदा शेतीलाच जड होत असेल, तर खाटकाच्या व्यवसायावरची तेवढी बंदी अवाजवी. कलम ४८ आर्थिक भाषेत लिहिलं होतं; कोर्टानंही ते आर्थिक भाषेतच वाचलं.

मग पुढची सत्तेचाळीस वर्षं भांडण उरलं ते बैलाच्या वयाचं. त्यात आपलं राज्य, मध्य प्रदेश, चारदा हरलं. १९५८ च्या निकालातच सी. पी. अँड बेरारचा (मध्य प्रदेशाच्या आधीच्या प्रांताचा) १९४९ चा कायदा बैलापुरता कोसळला. मग १९५९ च्या कायद्यात मध्य प्रदेशानं अट घातली की वीस वर्षं उलटल्याशिवाय बैल कापता येणार नाही. १९६० मध्ये न्यायालय म्हणालं, वीस वर्षं जगतो कोणता बैल? तीही अट रद्द. जबलपूरची उपविधी बदलून बैलांची कत्तल थांबवण्याचा प्रयत्न १९६९ मध्ये फेटाळला गेला. १९९१ ची संपूर्ण बंदीची दुरुस्ती १९९६ मध्ये गेली.

वयाची अट कागदावर सोपी, गोठ्यात अवघड. गुराला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. खालचे आठ दुधाचे असतात, ते जोडीजोडीनं बदलतात: दोन-अडीच वर्षांना दोन दाती, तीनच्या पुढे चार दाती, चारच्या आसपास सहा दाती, आणि साडेचार-पाचला आठही येऊन जनावर 'जुळतं'. त्यानंतर मोजायला काही उरत नाही. फक्त झीज दिसते, आणि झीज चाऱ्यावर अवलंबून. कडब्यावर वाढलेला बैल आणि मुरमाड रानात चरलेला बैल, दोघांचे दात वेगळे झिजतात. बारा वर्षांचा की सोळा, हे पशुवैद्य शपथेवर सांगू शकत नाही. साहजिकच 'निरुपयोगी'चं प्रमाणपत्र हा कागद ज्याला हवा त्याला मिळू लागला. संपूर्ण बंदी मागणाऱ्यांचा हा मुद्दा खरा होता, हे कबूल केलं पाहिजे.

पारडं फिरलं २००५ मध्ये, तेही गुजरातच्या खटल्यात. गुजरातनं १९९४ मध्ये बैलांसकट बंदी केली होती. उच्च न्यायालयानं ती रद्द केली. २६ ऑक्टोबर २००५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी सहा विरुद्ध एक अशी ती वैध ठरवली. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश आर. सी. लाहोटी मूळचे गुन्याचे, म्हणजे आपल्याच प्रांतातले.

आता या निकालात आधार कशाचा घेतला? मातेचा नाही. शेणाचा. म्हातारा बैल नांगराला चालत नसला तरी शेण-मूत्र देतो, त्यातून खत होतं, गॅस होतो, म्हणून 'निरुपयोगी' असं काही नसतंच. निकालात आकडेही आहेत: म्हातारा बैल वर्षाला ५ टन शेण आणि ३४३ पौंड मूत्र देतो, त्याचं २० गाड्या खत होतं, ते ४ एकरांना पुरतं. शेणाची किंमत कोहिनूरपेक्षा जास्त, असंही त्यात आलं आहे. ५ टन शेण म्हणजे दिवसाला साडेतेरा-चौदा किलो, हे पटतं. पण ३४३ पौंड मूत्र म्हणजे दिवसाला अर्धा किलोसुद्धा नाही. कोणत्याही गवळ्याला विचारा, तो हसेल. बैल एका वेळेला त्याहून जास्त सोडतो. एवढ्या मोठ्या निकालातला आकडा कुणी बादली लावून तपासला नाही, यावरून आर्थिक युक्तिवादाला किती गंभीरपणे घेतलं जातं ते कळतं. तो युक्तिवाद परवानगीपत्रासारखा जोडला जातो.

मध्य प्रदेशाचा गोवंश वध प्रतिषेध अधिनियम २००४ चा, म्हणजे या निकालाच्या आधीचा. जुन्या निकालांप्रमाणे तो बैलापुरता पडलाच असता. गुजरातच्या निकालानं तो तगला.

इंदूर, पुणे, बडोदा

इंदूरच्या मराठी कुटुंबाचे नातेवाईक या तिन्ही गावांत असतातच, म्हणून तुलना सोपी. बडोद्यात, २०१७ च्या दुरुस्तीनंतर, गोवधाला किमान दहा वर्षं ते जन्मठेप आणि एक ते पाच लाख दंड. पुण्यात पाच वर्षांपर्यंत आणि दहा हजार. इंदूरमध्ये एक ते सात वर्षं आणि किमान पाच हजार. महाराष्ट्राची गोष्ट मासलेवाईक आहे: बैलांवरची बंदी विधिमंडळानं १९९५ मध्ये मंजूर केली, राष्ट्रपतींची सही झाली मार्च २०१५ मध्ये. वीस वर्षं फाईल पडून. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बंदी कायम ठेवली, पण बाहेरच्या राज्यातून आणलेलं मांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. आणि गोव्यात? जुलै २०१७ मध्ये मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री या नात्यानं विधानसभेत सांगत होते की बीफचा तुटवडा पडू देणार नाही, हवं तर बेळगावहून आणू. पक्ष तोच, मतदार वेगळा.

म्हैस या 'गोवंश' व्याख्येत नाही. भारत 'बीफ' निर्यात करतो अशी बातमी वाचली की ती म्हशीच्या मांसाची समजावी. गाय, बैल, वासरू यांच्या मांसाच्या निर्यातीला बंदी आहे. दूध देण्यात म्हैस गाईपेक्षा मागे नाही, शेणातही नाही. कायदा खरोखर उपयुक्ततेवर उभा असता तर म्हशीला वगळण्याचं कारण सापडत नाही. इथे पहिली भाषा दुसऱ्या भाषेच्या आडून डोकावते.

गाय राष्ट्राचं प्रतीक कशी झाली

पूज्य ती फार जुनी आहे; 'गोब्राह्मणप्रतिपालक' ही बिरुदावली मराठी माणसाला वेगळी सांगायला नको. पण पूज्य असणं आणि राजकीय संघटनेचा आधार असणं यात फरक आहे, आणि तो फरक १८८० च्या दशकात पडला. दयानंद सरस्वतींच्या प्रेरणेनं गोरक्षिणी सभा निघाल्या. पैसा उभा करण्याची पद्धत साधी होती: घरटी रोजच्या स्वयंपाकातून चिमूटभर तांदूळ बाजूला काढायचे, ते गोळा करून विकायचे. गाईच्या अंगावर सगळे देव काढलेली छापील चित्रं गावोगाव गेली. आर्यसमाजी आणि सनातनी, शैव आणि वैष्णव एरवी एका पंगतीला बसले नसते. गाईच्या नावावर बसले. प्रतीक म्हणून गाईची ताकद ही: तिला विरोध करणारा हिंदू सापडणं कठीण, आणि 'बाहेरचा' कोण हे एका प्रश्नात ठरतं. १८९३ मध्ये आझमगडच्या बाजूला आणि मुंबईत दंगे झाले.

इथं एक माणूस या चौकटीत बसत नाही, आणि तो मराठी आहे. हिंदुत्व हा शब्द राजकारणात रुजवणारे सावरकर गाईला उपयुक्त पशू मानत; पाळा, सुधारा, पण देव करू नका, असं त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलं आहे. त्यांच्या अनुयायांनी त्यांचं बाकी सारं घेतलं, हे तेवढं ठेवून दिलं.

७ नोव्हेंबर १९६६ ला दिल्लीत साधूंचा मोर्चा संसदेवर गेला, गोळीबार झाला, माणसं मेली, गृहमंत्री गुलझारीलाल नंदा यांना जावं लागलं. १९६७ मध्ये इंदिरा गांधींनी माजी सरन्यायाधीश ए. के. सरकार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तीत गोळवलकर गुरुजी, पुरीचे शंकराचार्य आणि अमूलचे वर्गीज कुरियन एकत्र बसत. कुरियनांचं म्हणणं होतं की भाकड जनावरं बाजूला काढल्याशिवाय दूधधंदा टिकत नाही. गोळवलकरांशी त्यांची मैत्री झाली, आणि कुरियननी पुढे नोंदवलं आहे की गाय देश एकत्र आणू शकते, हे गोळवलकरांनी त्यांना मोकळेपणी सांगितलं होतं. समिती १९७९ मध्ये अहवाल न देता गुंडाळली गेली. मधल्या काळात इंदिरा काँग्रेसचं निवडणूक चिन्ह होतं गाय-वासरू. विनोबांनी १९७९ मध्ये उपोषण केलं, १९८२ मध्ये त्यांच्या अनुयायांनी मुंबईत देवनारच्या कत्तलखान्याच्या दारात सत्याग्रह धरला. म्हणजे गाय सगळ्यांनाच हवी होती. फक्त प्रत्येकाला वेगळ्या कामासाठी.

ट्रक अडवल्यावर काय होतं

आता प्रत्यक्ष. खटले बहुतेक कत्तलीचे नसतात, वाहतुकीचे असतात. कत्तल आडोशाला होते, ट्रक उघड्या रस्त्यावर दिसतो. ढाब्यावरून किंवा टोलनाक्यावरून फोन जातो, मोटारसायकली मागे लागतात, ट्रक अडवला जातो, मग पोलीस येतात. जनावरं शेतकऱ्याकडे चालली होती की खाटकाकडे, हे ट्रककडे पाहून कळत नाही. कळतं ते एवढंच की नियम मोडलाय, आणि नियम जवळजवळ प्रत्येक ट्रकमध्ये मोडलेला असतो.

१९७८ च्या वाहतूक नियमांनुसार मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त गुरं नेता येत नाहीत. पशुवैद्याचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र हवं, सोबत चारा-पाणी, प्रथमोपचाराचं सामान आणि सांभाळणारा माणूस हवा, जनावरांची तोंडं इंजिनाकडे हवीत. मोटार वाहन नियमांत २०१६ पासून प्रत्येक गुराला दोन चौरस मीटरचा वेगळा कप्पा आहे. सहा जनावरांत ट्रकचं भाडं निघत नाही, म्हणून पंधरा-वीस कोंबतात, पाय बांधतात, ताडपत्री टाकतात. याला क्रूरता म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? पण प्राण्यांवरील क्रूरतेच्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड आहे दहा ते पन्नास रुपये. क्रूरतेचा दंड पन्नास, गोवंशाच्या कायद्यात तुरुंगवास: फिर्याद कोणत्या कलमाखाली लिहिली जाणार हे उघड आहे. निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भारही २०१० च्या दुरुस्तीनं आरोपीवर टाकला.

जनावरं गोशाळेत जातात. गाडीचं वेगळंच: फौजदारी खटला कोर्टात चालतो आणि गाडी राजसात (सरकारजमा) करण्याची कारवाई कलेक्टरकडे, दोन्ही स्वतंत्र. आगर-माळव्यातल्या एका ट्रकचं हेच झालं. त्यात १७ जनावरं होती, आरोपी सुटले, तरी ट्रक जप्तच. मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सुटका झाल्यावर जप्ती टिकत नाही. तोवर ट्रक काही वर्षं उघड्यावर उभा. हप्त्यावर घेतलेल्या गाडीच्या मालकाला खरी शिक्षा तीच.

मांस असेल तर आधी पशुवैद्य पाहतो, पण शिजलेल्या किंवा बारीक केलेल्या मांसावरून गाय की म्हैस हे डोळ्यांना कळत नाही. डीएनए तपासणीला नमुना पाठवावा लागतो, हैदराबादच्या राष्ट्रीय मांस संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी. जमाव अहवालासाठी थांबत नाही. मे २०२२ मध्ये सिवनी जिल्ह्यात गोहत्येच्या संशयावरून दोन आदिवासींना ठार मारलं गेलं. २०१६ मध्ये गुजरातच्या उन्यात मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या दलितांना झोडपलं. हा केवळ हिंदू-मुसलमान मामला नाही, हे या दोन घटनांतून दिसतं. १७ जुलै २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमायला सांगितलं. नव्या भारतीय न्याय संहितेत कलम १०३(२) खाली पाच किंवा अधिक जणांनी जात, समाज, श्रद्धा अशा कारणांवरून केलेल्या खुनाला जन्मठेप किंवा फाशी आहे. २०१९ मध्ये कमलनाथ सरकारनं गोरक्षेच्या नावानं हिंसा करणाऱ्यांना शिक्षेचं विधेयक आणलं, आणि त्याच वर्षी खंडव्यात गोवधाच्या आरोपींवर रासुका (राष्ट्रीय सुरक्षा कायदा) लावली तीही त्याच सरकारच्या काळात.

चाऱ्याचा हिशेब

गाय पंधरा-अठरा वर्षं जगते. पहिलं वेत तिसऱ्या-चौथ्या वर्षी, पुढे चार-पाच वेतं धड दूध. म्हणजे आठेक वर्षं ती भाकड उभी असते. झालेल्या वासरांत निम्मे गोऱ्हे, आणि ट्रॅक्टर आल्यावर गोऱ्ह्याला काम नाही. पूर्वी शेतकरी म्हातारं जनावर व्यापाऱ्याला विकून त्यात भर घालून नवं घ्यायचा. व्यापारी पुढे कुठे नेतो हे तो विचारत नसे. हा व्यापारी धंद्यातून उठला, तसं म्हाताऱ्या जनावराचं मोल शून्यावर आलं. दावं सोडलं जातं, बहुतेकदा रात्री, आणि दुसऱ्या गावच्या शिवारात. कानातला बारा आकडी पिवळा टॅग आधी उपटतात. रस्त्यावरच्या गाईचा कान फाटलेला दिसला तर त्याचा अर्थ हा. २०१९ च्या पशुगणनेत देशात मोकाट गुरं ५० लाखांवर निघाली, आणि गोवंशातले नर आधीच्या गणनेपेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी घटले.

साडेतीनशे किलोच्या भाकड गाईला दिवसाला सात किलो तरी सुका चारा लागतो. भुसा सहा रुपये किलो धरला तर ४२ रुपये. ढेप, पाणी, औषध, मजूर वेगळे. राज्याचं अनुदान बरीच वर्षं होतं गाईमागे रोज २० रुपये. २०२५ मध्ये ते ४० झालं. शंभर गाईंच्या पंचायत गोशाळेला वीस रुपयांत दिवसाचे दोन हजार मिळत, आणि नुसता भुसाच बेचाळीसशेचा. उरलेले बावीसशे कुठून? दानातून. दान येतं गोपाष्टमीला, पितृपक्षात, संक्रांतीला. वैशाखात, चारा सगळ्यांत महाग असताना, येत नाही. आगर-माळव्यात सालरियाला ४७२ हेक्टरांवर देशातलं पहिलं गो-अभयारण्य २०१७ मध्ये सुरू झालं, सहा हजार गाईंसाठी. सहा हजार गुणिले सात म्हणजे रोज ४२ टन चारा, दोन टनी ट्रॉली धरली तर एकवीस ट्रॉल्या, दररोज. काही महिन्यांतच नवी जनावरं घेणं थांबवावं लागलं. जमीन होती, श्रद्धा होती, ट्रॉल्या नव्हत्या.

आणि कोहिनूर? शेणाचं खत होतं, पण ते गोळा करायला जनावर एका जागी बांधलेलं हवं. रस्त्यावर पडलेलं शेण टायरखाली जातं. इंदूरजवळ देवगुराडियाला आशियातला गाजलेला 'गोबर-धन' प्रकल्प आहे, फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याचं उद्घाटन झालं, रोजची क्षमता ५५० टन, त्यातून बसगाड्यांसाठी सीएनजी निघतो. तो चालतो मात्र इंदूरच्या घराघरांतल्या ओल्या कचऱ्यावर, भाजीच्या देठांवर आणि उरलेल्या पोह्यांवर. नाव तेवढं गोबराचं.

या सगळ्यात एक गोष्ट सभेत कुणी बोलत नाही, पण पशुसंवर्धन खातं शांतपणे करतंय. कृत्रिम रेतनासाठी लिंगनिश्चित वीर्यमात्रा आता मिळतात, त्यांतून शंभरात नव्वदच्या आसपास कालवडी होतात. भोपाळच्या केंद्रातही त्या तयार होतात. गवळी त्याच मागतो, कारण गोऱ्हा वर्षभर पोसून शेवटी सोडायचाच असतो. वसुबारसेला आपल्याकडे गाय-गोऱ्ह्याची बारस असंही म्हणतात. गोशाळेत पूजेला उभ्या केलेल्या गाईजवळ हल्ली बांधलेलं असतं ते बहुतेक कालवडच.